आईचा पाय आणि गाडीची रेस

आईचा पाय ब्रेकवर होता की नव्हता, या एका गोष्टीभोवती आमचं घर जवळजवळ पूर्ण हिवाळाभर फिरत राहिलं. कोणी तोंडावर विचारत नव्हतं. पण गावात, भाऊबंदांत, दवाखान्याच्या बाकावर ज्याच्या त्याच्या डोळ्यांत तेच असायचं.

आमचं शेत चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या बाजूला. केळी आणि थोडा कापूस. शेताकडे जाताना एक नाला लागतो. उन्हाळ्यात तो असून नसल्यासारखा असतो, पण पोळ्यानंतर पाऊस लांबला की त्याच्या दोन्ही काठांची काळी माती अशी होते की माणूस उभा राहिला तरी हळूहळू खाली येतो. याच मातीसाठी वडिलांनी ती फोर बाय फोर गाडी घेतली होती. धुळ्याच्या एका ठेकेदाराकडून, वापरलेली. तेव्हाच ती जुनी होती. वडील गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता गाडी विकली जाणार. आईनं ती विकली नाही. ती माझ्याकडे जळगावला, पिंप्राळ्यात येऊन राहिली, इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोरासोरांबरोबर बसून गाडी शिकली आणि परवाना घेऊन गावी परत गेली. साडी, पायात कापडी बूट, डोक्याला रुमाल, अशी ती चालवायची. पहिलं वर्ष लोक बघायला थांबत. मग त्यांना सवय झाली.

आबा आमचे सालदार. वर्षभराच्या बोलीवर आमच्या शेतात काम करणारे. पण ती बोली दरवर्षी नव्यानं करायची असते हे दोन्ही बाजू केव्हाच विसरल्या होत्या. वडिलांपेक्षा थोडे मोठे. बायको नाही, एक लेक, ती धुळ्याला दिलेली. वडील गेल्यावर शेताचं सगळं आईनं आणि आबांनी मिळून ओढलं. ते आईला अक्का म्हणत, आई त्यांना आबा.

त्या दिवशी दुपारी दोघं खताच्या गोण्या घेऊन शेतावर निघाले होते. पाऊस थांबलेला होता, पण नाल्याचा चढ ओला होता. गाडी नाल्यात उतरली, पाण्यातून गेली आणि समोरचा चढ चढू लागली. अर्ध्यावर गेल्यावर इंजिनचा आवाज एकदम खाली आला. आईनं आणखी रेस दिली. गाडी कण्हल्यासारखी झाली आणि जागच्या जागी उभी राहिली. आबा लगेच दार उघडून उतरले. चढावर गाडी थांबली की मागच्या चाकाला दगड लावायचा, ही त्यांची वडिलांच्या वेळेपासूनची सवय. आईनं ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला. चाकं फिरत नव्हती, तरी गाडी मागे येत होती. खालची मातीच सुटली होती. आबा दगड घेऊन वाकले होते. त्यांचा पाय गाडीच्या मागच्या लोखंडात आणि नाल्याच्या काठात सापडला.

हे मी पाहिलं नाही. आईनं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. ती खाली उतरली, गाडीला पाठ लावून ढकलू लागली. मागून मोटारसायकलवर येणारा एक शेजारी धावला, मग आणखी दोघं आले. आबांना बाहेर काढलं. कोणीतरी मालवाहू टेम्पो आणला. चोपड्याहून त्यांना जळगावला हलवलं, तेव्हा मी दवाखान्याच्या दाराशी उभी होते. टेम्पोतून आई आधी उतरली. तिच्या साडीला कमरेपर्यंत काळी माती लागली होती आणि ती एका हातानं आबांची चप्पल धरून होती. एकच चप्पल होती. दुसरी नाल्यात राहिली.

मांडीचं हाड मोडलं होतं, गुडघाही गेला होता. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण पूर्वीसारखं नाही.

आई माझ्या घरी राहिली. सकाळी डबा घेऊन दवाखान्यात जायची, संध्याकाळी यायची. आबांची लेक धुळ्याहून आली होती. ती आईशी नीट बोलायची, पण कमी बोलायची. तक्रार कोणी केली नाही. जावई म्हणाला, घरातलंच आहे, काय तक्रार करायची. ते ऐकून आई आणखी खचली.

तोवर गावात गोष्ट तयार झाली होती. मोटारसायकलवाल्यानं गाडीच्या मागचे लाल दिवे लागलेले पाहिले होते. त्याचं काही खोटं नव्हतं. पण त्यावरून पुढं झालं ते असं, की बाई चढावर घाबरली, तिनं मध्येच ब्रेक मारला आणि गाडी घसरली. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, एक दिवस पिंप्राळ्याला आले. चहा होईपर्यंत पावसाचं, कापसाचं बोलले. मग म्हणाले, "वहिनी, झालं ते झालं. आता गाडी काढून टाकू. तुम्हाला कुठं जायचं असलं तर मी आहे, पोरं आहेत."

आई म्हणाली, "मी आधी ब्रेक मारला नव्हता, भावजी."

"नसेलही. पण त्या वेळी माणसाला कळत नाही आपण काय करतोय."

काका गेल्यावर आई स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिच्या बोलीत, अहिराणीत, मला म्हणाली, "मी रेस दिधी. गाडीनी लिधी नही." मी रेस दिली, गाडीनं घेतली नाही. माझ्याशी ती एरवी शुद्ध मराठीत बोलते, मी शिकले तेव्हापासून. मनातलं बाहेर आलं की अहिराणी येते.

मग तिनं मला विचारलं, "असं होऊ शकतं का? की मीच घाबरले होते?"

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. उपकरणं लावणं, बिघडली की का बिघडली ते शोधणं, मुलांचे प्रयोग करून घेणं. गाड्यांचं मला काही कळत नाही. मी तिला म्हटलं, होऊ शकतं की नाही ते बघू. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. मला स्वतःला माहीत करून घ्यायचं होतं, आणि उत्तर तिच्या विरुद्ध जाऊ शकतं हे दोघींनाही ठाऊक होतं.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून गावात खळ्यात आणून ठेवली होती. सुरू केली तर सुरू झाली. काकांच्या मुलानं गावात फिरवून पाहिली आणि सांगितलं की एकदम ओके आहे. हे ऐकून आईचा चेहरा उतरला. गाडी नीट असेल तर मग दुसरं काय उरतं?

गाडी आम्ही आधी चोपड्याच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं स्टिअरिंगच्या खाली एक यंत्र जोडलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, ट्रॅक्शन कंट्रोलचा दोष नोंदलेला आहे. चाकाच्या सेन्सरचा. त्यानं तो दोष यंत्रातून पुसला, पुढचा एक सेन्सर बदलला आणि गाडी दिली. काकांच्या मुलानं ती चालवली, दोन-चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच नोंदलं गेलं. मी आईला म्हटलं, गाडी जळगावला आणू.

औद्योगिक वसाहतीजवळच्या एका गॅरेजमध्ये ती उभी केली. ते चालवणाऱ्यांना सगळे भाऊ म्हणत; चाळिशीतले, कमी बोलणारे. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं की मुख्य युनिट गेलं असावं, बदलावं लागेल, जुन्या गाडीला ते मिळायला वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "ताई, घाईनं बोललो. युनिट गेलं असतं तर दोष सतत राहिला असता. हा येतो आणि जातो. मला अजून बघू द्या."

ही व्यवस्था काय असते ते त्यांनी आम्हाला बोनेटवर हात ठेवून समजावलं. चारही चाकांजवळ एकेक सेन्सर असतो. चाक किती वेगानं फिरतंय ते तो गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवत राहतो. चिखलात एखादं चाक नुसतंच गरगर फिरायला लागलं की संगणक ते चाक ब्रेकनं धरतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो, म्हणजे गाडी घसरणार नाही. हे सगळं आपोआप होतं, माणसाच्या पायाला त्यात काही करावं लागत नाही.

"आणि सेन्सरनं चुकीचं सांगितलं तर?" मी विचारलं.

"तर तो चुकीचं ऐकून तसंच करील."

आई बाजूच्या टायरवर बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "मी रेस दिली तरी?"

"तुम्ही दिली तरी, अक्का."

तिनं मान हलवली. पण तेवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं, आणि ते तिलाही कळत होतं. असं होऊ शकतं एवढंच समजलं होतं. झालं का, ते कळायचं होतं.

गॅरेजच्या आवारात गाडी कितीही फिरवली तरी दोष येईना. सपाट सिमेंट. मी भाऊंना म्हटलं, प्रयोगशाळेत एखादा दोष मुलांपुढं येतो आणि माझ्यापुढं येत नाही, तेव्हा मी मुलांनाच तो प्रयोग पुन्हा करायला सांगते, अगदी त्यांच्या पद्धतीनं. ते म्हणाले, मग अक्कांनीच चालवायला हवी. वजनही तसंच टाकू.

आई अपघातानंतर स्टिअरिंगवर बसली नव्हती. तिनं नाही म्हटलं. ते बरोबर होतं, मी आग्रह केला नाही. ती त्या दिवशी दवाखान्यात गेली, आबांजवळ बसून आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "चल."

गॅरेजवाल्यांनी मागे वाळूच्या गोण्या टाकल्या. आई बसायला गेली तेव्हा भाऊ यंत्र जोडण्यासाठी दुसऱ्या बाजूनं आत वाकले होते. काटे आणि दिवे असतात त्या काचेवर त्यांना काहीतरी दिसलं. त्यांनी नखानं खरवडलं. छोटी काळी टिकली निघाली. वडील गेल्यानंतरही आई कपाळावर लावते, तसली.

"ही कोणी लावली?"

"मी," आई म्हणाली.

टिकलीच्या खाली पिवळा दिवा होता. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला.

"केव्हापासून?"

आईनं सांगितलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं. त्यानंतर हा दिवा अधूनमधून लागायला लागला. तिनं एकाला विचारलं, तो म्हणाला, नुसता दिवा आहे, गाडी पळतेय ना, मग चालवा. तिला तो डोळ्यांवर यायचा, सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं, म्हणून एक दिवस तिनं कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवली.

भाऊंनी टिकली हातातल्या फडक्याला पुसली. आईनं चावी फिरवली. सगळे दिवे एकदा लागले आणि विझले, तो पिवळासुद्धा.

वसाहतीच्या मागे ट्रकांनी खणून ठेवलेला एक कच्चा रस्ता आहे. आई चालवत होती, भाऊ तिच्या शेजारी, मी मागे गोण्यांना टेकून यंत्राचा पडदा मांडीवर घेऊन. पडद्यावर चार आकडे होते, चार चाकांचे. सुरुवातीला चौघांचं जवळजवळ एकच चाललं होतं. एका मोठ्या खड्ड्यात गाडीचं मागचं उजवं चाक खाली गेलं आणि पडद्यावर त्या चाकाचा आकडा शून्य झाला. बाकीचे तीन तसेच. पुढच्या क्षणी इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडीखाली कर्र असा आवाज आला आणि गाडीनं आचका दिला.

"मी रेस दाबलेली आहे," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बघा. माझा पाय बघा."

भाऊ वाकून तिचा पाय बघत होते. बूट रेसवर होता, खालपर्यंत.

मग काचेवर पिवळा दिवा लागला.

आम्ही ते पुन्हा केलं, आणि पुन्हा. उजवं मागचं चाक खड्ड्यात लोंबलं की आकडा शून्य, आकडा शून्य झाला की गाडी मरगळणार. गॅरेजला परत येऊन भाऊंनी गाडी जॅकवर चढवली, चाक लोंबतं सोडलं आणि आम्हाला खाली वाकून बघायला सांगितलं. सेन्सरची तार तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली होती. बेअरिंग बदलताना ती मूळच्या वाटेनं परत न नेता जवळच्या वाटेनं नेली होती आणि एक पकड लावायची राहून गेली होती. चाक वर असलं की तार सैल, सगळं ठीक. चाक खाली लोंबलं की ती ताणायची आणि एका लोखंडी कडेवर घासायची. तिथं तिचं वेष्टन फाटून आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

नाल्याच्या त्या चढावर उजव्या बाजूला ट्रॅक्टरच्या चाकानं पडलेली खोल चाकोरी आहे. ती मला लहानपणापासून माहीत आहे. मी डोळे मिटले तर अजून दिसते. त्या चाकोरीत उजवं चाक उतरलं असणार. तार ताणली गेली आणि संगणकाला कळवलं गेलं की हे चाक उभं आहे. बाकीची तीन फिरताहेत, म्हणजे ती नुसतीच चिखलात गरगरताहेत, असं त्यानं धरलं. त्यानं ती धरली आणि इंजिनाचा गळा दाबला. ज्या क्षणी गाडीला सगळी ताकद हवी होती, नेमकी त्याच क्षणी.

भाऊंनी नवी तार मूळच्या वाटेनं टाकली, पकडी लावल्या. काचेजवळचं एक बटण दाखवलं. खोल चिखलात ते दाबलं तर ही सगळी व्यवस्था बंद करता येते. वडिलांनी ते कधी दाबलेलं आईनं पाहिलं नव्हतं. ते कशाचं आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

काकांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांना खरोखर आनंद झाला. ते म्हणाले, "म्हणजे वहिनींची काहीच चूक नाही. मी आजच सांगतो सगळ्यांना. तोंडं बंद होतील."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "भावजी, असं सांगू नका."

"का बरं? खरंच आहे ना?"

"अर्धं खरं आहे. आधी मी आबांना सांगते. मग बघू."

तिनं फोन परत दिला आणि भाजी निवडायला बसली. मला वाटलं होतं की आज ती जरा हलकी होईल. मेथीच्या काड्या ती एकेक करून मोडत होती आणि तिचं लक्ष तिथं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला ती अर्ध्या भाकरीवर उठली. मी म्हटलं, "आई, तुझा पाय ब्रेकवर नव्हता. आकडा शून्य होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"पाय नव्हता गं," ती म्हणाली. "पण त्या दिव्यावर बोट माझंच होतं ना."

आबांना तोपर्यंत दवाखान्यातून सोडून लेकीनं धुळ्याला नेलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. आईनं आणि मी अमळनेरमार्गे गाडीनंच धुळं गाठलं. आईनंच चालवली. कपाशी वेचणाऱ्या बायका शेतात दिसत होत्या, रस्त्याच्या कडेला कापसाचे पुंजके अडकले होते. धुळ्यात शिरल्यावर तिनं गाडी लेकीच्या घरापासून लांब, चौकापलीकडे उभी केली. "त्यांना दारातून दिसायला नको," ती म्हणाली. आम्ही चालत गेलो.

लेकीचं घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची ओसरी. आबा ओसरीत पलंगावर बसलेले होते, पाय सरळ ठेवून. दाढी वाढलेली. हाडं मोठी असलेला तो माणूस पूर्वी कपड्यांत मावत नसे, आता कपडे मोठे दिसत होते. आईला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. आईनं त्यांना हातानंच बसवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर बसली. सालदारापुढं मालकीण खाली बसली हे लेकीला रुचलं नसावं. ती खुर्ची घेऊन आली. आई उठली नाही.

पुढचं बोलणं सगळं अहिराणीत झालं, मी ते माझ्या भाषेत सांगते आहे. आईनं काही लपवलं नाही. तार कशी ताणली जायची, गाडी रेस का घेत नव्हती, ते तिनं हातांनी दाखवून सांगितलं. मग म्हणाली की गाडी पावसाळ्यापासून हे सांगत होती, दिवा लावून. तो डोळ्यांवर यायचा म्हणून मी त्यावर टिकली चिकटवली. कोणी म्हणालं नुसता दिवा आहे, आणि मला तेच ऐकायचं होतं.

रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला. लेक दारात उभी राहून ऐकत होती. आबांनी आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला, सळईच्या जागी थांबवला आणि म्हणाले, "तुम्ही माले सांगं असतं, तर मी मांगे गयू नसतू."

सांगितलं असतं तर मी गाडीच्या मागे गेलो नसतो. एवढंच. त्यात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. पण तो आवाजात नव्हता. ते एक खरं होतं आणि ते त्यांनी ठेवलं, तिच्यापुढं. आई म्हणाली, "हो." तिनं माफी मागितली नाही. नंतर मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माफी मागितली असती तर त्यांना 'असू द्या' म्हणावंच लागलं असतं. त्यांच्यावर तेही कशाला टाकायचं?"

लेकीनं चहा आणला. आम्ही तो पिऊन संपवला. मग आबांनी विचारलं, "केयी कशी शे?"

केळी कशी आहे. आईनं सांगितलं, मधल्या पट्ट्यात करपा रोगाचे डाग दिसताहेत, पानं कापायला हवीत, पण नवी माणसं पानं जास्त कापतात. आबा म्हणाले, जास्त कापली तर घड भरत नाही, त्यांना सांगा. आई म्हणाली, मी सांगते, ते ऐकत नाहीत. इथून पुढे ते दोघं कितीतरी वेळ पानांवर, ठिबकच्या नळ्यांवर, रानडुकरांवर बोलत राहिले. मी आणि लेक ओसरीच्या कडेला उभ्या होतो. तिनं मला हळूच म्हटलं, "दवाखान्यातून आल्यापासून इतकं बोलले नव्हते."

निघताना आईनं विचारलं, "आबा, शेतावर येणार का? मी न्यायला येईन."

"येईन. पण एसटीनं येईन."

"बरं," आई म्हणाली.

मग आई गावी परत गेली आणि काय सांगायचं ते तिनं स्वतः सांगितलं. काका सांगणार होते ती गोष्ट तिनं पसरू दिली नाही. जो विचारील त्याला ती दोन्ही सांगायची, तारेचं आणि टिकलीचं. काही जणांना ते पटलं, काहींना वाटलं की बाई कारण नसताना आपल्या अंगावर घेते आहे. मोटारसायकलवाला शेजारी एकदा घरी येऊन बसला. म्हणाला, लाल दिवे मी पाहिले होते, पण आधीचं काही पाहिलं नव्हतं. आईनं त्याला चहा दिला. गाडी विकायचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही.

थंडी संपत आली तेव्हा आबा आले. काठी घेऊन, एसटीनं, चोपड्यापर्यंत; तिथून एका गाववाल्याच्या रिक्षानं. दिवसभर ते केळीत फिरले. जास्त कापलेली पानं बघून कोणालाही न रागावता नव्या माणसांना एका झाडाची पानं स्वतः कापून दाखवली, काठीला टेकून. त्या दिवशी मीही सुट्टी काढून गेले होते. उन्हं उतरायला लागली, त्यांना परत एसटी गाठायची होती, आणि रिक्षावाला आला नाही. फोन लागत नव्हता.

गाडी बांधावर उभी होती. आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती म्हणाली, "मी कोणाला तरी बोलावते मोटारसायकल घेऊन."

आबा म्हणाले, "या पायानं मोटारसायकलवर कसा बसू?" आणि काठी टेकत गाडीकडे गेले. मी मागचं दार उघडलं. ते बसले.

नाला कोरडा होता. माती आता टणक, चाकोरीही तशीच टणक. गावाकडचा चढ सुरू व्हायच्या आधी आबा म्हणाले, "थांबा." आईनं गाडी थांबवली. ते उतरले. मी त्यांना हात द्यायला उतरले तर त्यांनी नको म्हटलं. काठी रोवत, एक पाय ओढत ते गाडीच्या पुढून तो चढ एकटे चढून गेले. मध्ये एकदा दम खायला थांबले. वर पोहोचले, वाटेच्या बाजूला सरकले आणि वळून उभे राहिले. मग आईनं गाडी घेतली. ती चढली. वर आल्यावर ते पुन्हा मागे बसले.

चोपड्याच्या स्टँडवर धुळ्याची बस लागलेलीच होती. कंडक्टरनं आधी त्यांची काठी आत घेतली, मग त्यांना. खिडकीपाशी बसून त्यांनी मला सांगितलं की पुढच्या आठवड्यात येईन, घडांना कागद बांधायचे आहेत, अक्कांना सुतळी आणून ठेवायला सांग. मी येऊन आईला सांगितलं. ती काच खाली करून स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. बस वळून फाटकाबाहेर गेली, तरी तिनं बराच वेळ चावी फिरवली नाही.